दुसऱ्याचं दुखणं कळणारी पोरं: नव्या गुरुजी-बाईंसाठी, जून ते एप्रिल

पवित्र पोर्टलवरून नेमणूक मिळून तुम्ही शाळेत रुजू झालात की भाषा-गणिताचं काय करायचं ते सांगायला दहा जण येतात, पण मधल्या सुट्टीत एकानं दुसऱ्याच्या ताटात माती टाकली तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. झेडपीत मला पंधरा वर्षं झाली, पहिली सात जावळीच्या डोंगरात द्विशिक्षकी शाळेवर, नंतर आंतरजिल्हा बदली होऊन इकडं वाळव्यात ऊसपट्ट्यात. दोन्हीकडं एकच गोष्ट बघितली, फळ्यावर रोज दयेचा सुविचार लिहिला जायचा आणि परिपाठ संपून रांग वर्गात शिरायच्या आतच चिमटे सुरू व्हायचे.

सुविचारानं काही होत नाही असं माझं मत झालंय (मुख्याध्यापकांना सांगू नका). माया, समजूत, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं हे सगळं वर्षभर थोडं थोडं, रोजच्या भांडणातून, जेवणातून, हजेरीतून शिकवावं लागतं. एका दिवसाचा कार्यक्रम घेऊन, फोटो काढून ग्रुपवर टाकून ते येत नाही. मी कार्यक्रम घेऊन बघितलाय, तो कसा अंगाशी आला ते पुढं सांगते.

खाली जे लिहिलंय ते पहिली ते चौथीच्या वर्गांवर केलेलं आहे. पाचवी-सहावीला थोडं बदलून चालतं.

आधी काय काय लागतं

- एक दोनशे पानी वही, फक्त तुमची, पोरांना दाखवायची नाही
- बुटाचं रिकामं खोकं आणि जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या
- रोज परिपाठानंतर दहा मिनिटं आणि शनिवारी एक तास. 2024 पासून सरकारचा ‘आनंददायी शनिवार’ उपक्रम आलाय, त्यामुळं हा तास मागायला आता कुणापुढं हात पसरावा लागत नाही
- प्रत्येक पोराच्या घरचे दोन मोबाइल नंबर. एक बापाचा असतो आणि तो शेतात गेला की लागत नाही, म्हणून दोन
- दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोडीच्या पोरांसाठी: त्यांच्या गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड (गाव सोडलेल्या पोराला दुसऱ्या शाळेत बसवून घेण्यासाठीचं), नसलं तर मूळ शाळेचं नाव आणि तिथल्या गुरुजींचा नंबर, शिवाय टोळीच्या मुकादमाचा नंबर
- शाळेतल्या तक्रारपेटीची चावी कुणाकडं आहे याची माहिती. हसू नका, एका शाळेत मी विचारलं तेव्हा ती पेटी खुर्च्यांच्या मागं सापडली आणि चावी कुणालाच ठाऊक नव्हती

१. पहिले पंधरा दिवस: आधी आपली जीभ

हे सगळ्यात अवघड आहे म्हणून पहिल्यांदा. माझ्या पहिल्या वर्षी वर्गात एक पोरगा होता, लिहायला हळू. मी त्याला लाडानं ठोंब्या म्हणायचे, खरंच लाडानं. ऑगस्टपर्यंत अख्खा वर्ग त्याला ठोंब्या म्हणायला लागला आणि एक दिवस हजेरी घेताना त्याचं खरं नाव घेतलं तर तो गप्पच, शेजारचा म्हणाला "ए ठोंब्या, तुजंच नाव घेत्यात बाई." त्या दिवशी मला कळलं की हा धडा मीच शिकवलाय आणि तो शंभर टक्के पोरांना आलाय.

तर करायचं काय, पहिले आठ दिवस संध्याकाळी वहीत लिहायचं, आज आपण कुठल्या पोराबद्दल कुठला शब्द वापरला. ढ, मठ्ठ, बावळट, "तुझी बहीण किती हुशार होती", "तुमच्या वस्तीवरची सगळी अशीच". जसंच्या तसं लिहा. आठ दिवसांनी ते पान वाचवत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, त्यात शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे आणि असल्या शब्दांना आपण चेष्टा म्हणत असलो तरी पोराच्या बाजूनं तो छळच असतो.

चूक झाली तर सगळ्या वर्गासमोर त्या पोराची माफी मागायची. मी मागितली. पोरं आ वासून बघत होती, बाईसुद्धा सॉरी म्हणतात हे त्यांना नवीन होतं, आणि पुढं मोठ्यांनी माफी कशी मागायची हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणखी एक, प्रत्येकाला विचारा तुला कुठल्या नावानं हाक मारू. रजिस्टरचं नाव आणि घरचं नाव वेगळं असतं, काही पोरांना घरचं नाव वर्गात नको असतं.

२. हजेरीला पाऊस, ढग, ऊन

जूनच्या शेवटी पोरं जरा रुळली की हजेरीला "हजर बाई" ऐवजी आजचं मन सांगायचं. आमच्याकडं तीनच शब्द आहेत: ऊन म्हणजे बरं वाटतंय, ढग म्हणजे मधलंच, पाऊस म्हणजे आज रडू येतंय किंवा राग आलाय. पहिल्या आठवड्यात सगळे ऊनच सांगतात, गंमत म्हणून. दुसऱ्या आठवड्यात एखादा हळूच पाऊस म्हणतो.

इथं बहुतेकजण चुकतात: पोरानं पाऊस म्हटलं की आपण लगेच सगळ्यांसमोर "का रे, काय झालं?" विचारतो. विचारायचं नाही. मान हलवायची, पुढचं नाव घ्यायचं आणि मधल्या सुट्टीत हापशावर पाणी पिताना सहज जवळ जाऊन उभं राहायचं. सांगायचं असेल तर सांगेल. एका पोरीनं चार दिवस पाऊस सांगितला आणि पाचव्या दिवशी तिची शेजारीणच उठून तिच्याजवळ सरकून बसली, मी काहीही न सांगता. तिला तेवढंच पाहिजे होतं बहुतेक, कारण आठवडाभरात ढगावर आली.

सोबत शनिवारच्या तासाला भावनांचे शब्द गोळा करायचे. पोरांना विचारलं की राग आणि आनंद एवढंच सांगतात. पण आपल्या भाषेत केवढे शब्द आहेत: रुसवा, हेवा, हिरमुसणं, ओशाळणं, धास्ती, चुटपुट, करमत नाही, जीव वर-खाली होणं. एकेक शब्द घ्या आणि "हे तुम्हाला कधी झालं" विचारा. चुटपुट सांगताना एक पोरगा म्हणाला, आजी म्हातारी झाली म्हणून मला बोलवत होती आन् मी खेळत होतो. पुस्तकातल्या धड्यावर अर्धा तास बोलून एवढं निघालं नसतं.

३. बेंदूर

आपल्या साताऱ्या-सांगलीकडं बैलाचा सण पोळ्याच्या आधीच, आषाढात बेंदूर म्हणून असतो. त्या आठवड्यात वर्गात एकच प्रश्न टाका, बैलाला बोलता आलं असतं तर तो आज काय म्हणाला असता. जनावराबद्दल बोलताना लहान पोरं लाजत नाहीत, म्हणून सुरुवात इथून सोपी जाते. कुत्र्याला दगड मारणारी दोन-तीन पोरं प्रत्येक शाळेत असतात, त्यांना उपदेश करू नका, त्यांच्याकडं शाळेतल्या कुत्रीच्या पाण्याच्या भांड्याची जबाबदारी द्या. दोन आठवडे बघा काय होतं. सगळ्यांवर लागू पडतं असं नाही, एकानं पहिल्याच दिवशी भांडंच फोडलं.

४. भांडण मिटवायची पद्धत

हे नीट वाचा, वर्षभर रोज लागणार आहे.

आपली जुनी पद्धत म्हणजे दोघांना पुढं बोलवायचं, कुणी सुरू केलं विचारायचं, एकाला दोन शब्द सुनवायचे आणि "सॉरी म्हण, हात मिळव" म्हणून मोकळं व्हायचं. पोरं सॉरी म्हणतात, हात मिळवताना करकचून दाबतात आणि शाळा सुटल्यावर पुलाजवळ उरलेलं भांडण पूर्ण करतात.

त्याऐवजी तीन पायऱ्या करा. एक, दोघांनी आळीपाळीनं काय झालं ते सांगायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. घातलं तर माझ्या हातातला खडू त्याच्या हातात देते, खडू हातात असेपर्यंत गप्प बसायचं असा नियम आहे, का कोण जाणे पण चालतो. दोन, आता प्रत्येकानं समोरच्याला काय वाटलं असंल ते सांगायचं, स्वतःला काय वाटलं ते नाही. आणि समोरच्यानं ते बरोबर की चूक एवढंच सांगायचं. तीन, आता काय केलं तर बरं होईल ते दोघांनी ठरवायचं.

दुसऱ्या पायरीतच सगळं आहे. चौथीतल्या दोघांचं हापशावर झालं, एकानं दुसऱ्याला ढकललं आणि तो चिखलात बसला. ढकलणाऱ्याला विचारलं त्याला काय वाटलं असंल, तो म्हणाला, राग आला असंल. बसलेला म्हणतो, "न्हाय, राग न्हाय आला. माजी चड्डी भिजली आन् सगळ्या पोरी हसल्या, लाज वाटली." ढकलणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण त्याला हे खरंच ठाऊक नव्हतं, त्याच्या हिशोबानं ढकललं तर राग येतो आणि मग परत ढकलायचं असतं. त्यानं खिशातला रुमाल काढून दिला. रुमालानं चड्डी काय वाळणार, पण दिला. सॉरी दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही आणि मीही मागितलं नाही.

वेळ लागतो, पहिल्यांदा पंधरा मिनिटं गेली. गणिताचा तास बुडतो म्हणून कटकट होते. ऑक्टोबरपर्यंत पोरं आपापसात खडू घेऊन बसतात आणि तुमच्याकडं भांडणं येणंच कमी होतं, गेलेला वेळ तिथं भरून निघतो.

जिथं एकजण रोज त्याच पोराला त्रास देतोय तिथं मात्र ही पद्धत वापरू नका. ते भांडण नसतं. त्याचं पुढं येतंय.

५. पोषण आहाराची पंगत

खिचडीच्या वेळी पोरं कशी बसतात ते तीन दिवस नुसतं बघा आणि वहीत काढून ठेवा. आळीची आळीत, वस्तीची वस्तीत, आणि कडेला एखादं एकटं. आपण जात हा शब्द वर्गात काढत नाही पण पंगतीत ती बसलेली असते. आमच्याकडं खोक्यातून चिठ्ठी काढून जागा ठरते, रोज वेगळी. पहिल्या आठवड्यात दोन पालक विचारायला आले, मी त्यांना रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांचं सांगितलं: 1924 साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं, एका पंगतीत जेवायची आणि ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दोघांपैकी एकाचा भाऊ रयतच्याच हायस्कूलला शिकत होता. पुढं काही बोलले नाहीत.

६. पुराबद्दल बोलताना

नदीकाठच्या शाळेत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये हा विषय आपोआप निघतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी 45 फूट धरतात, यावरून काय ते समजा. आमच्या शाळेच्या खोल्यांत तेव्हा माणसं राहिली होती.

मी तेव्हा एक चूक केली. शाळा सुरू झाल्यावर पोरांना म्हटलं, तुमच्या घरी काय काय झालं ते उभं राहून सांगा. तिसरं पोरगं सांगता सांगता थांबलं, त्यांची म्हैस दावणीलाच राहिली होती. ते खाली बसलं ते दिवसभर उठलं नाही. पोराचं दुखणं हे वर्गाचं पाठ्यपुस्तक नाही. ज्याच्यावर बेतलं त्याला कधीही पुढं उभं करू नका. त्याऐवजी विचारा की त्या दिवसांत कुणी कुणाला काय दिलं. कुणाला माळावरच्या गावांतून आलेल्या भाकरी आठवतात, कुणाला अनोळखी मावशीनं दिलेलं लुगडं. जे आत्ता पहिलीत-दुसरीत आहेत त्यांनी तो पूर बघितलेलाच नाही, त्यांना घरी आजीला विचारून यायला सांगा, आजी काय सांगते ते ऐकून घेणं हासुद्धा अभ्यासच आहे.

७. मसूरची बैलगाडी (7 नोव्हेंबरच्या आसपास)

7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कधी कधी दिवाळीची सुट्टी आडवी येते, मग शाळा उघडल्यावर घ्या. पण भाषणं नको. एक गोष्ट सांगा, जी याच मातीतली आहे.

1901 साली लहान भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीचा मुलगा असे साताऱ्याहून रेल्वेनं वडिलांकडं निघाले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर टोप्या. मसूर स्टेशनला उतरले, तेच आपलं पुणे-मिरज लाइनवरचं. वडिलांना पत्र वेळेत मिळालं नव्हतं म्हणून न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली, जात कळल्यावर तो मागं सरला. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन एकजण तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. सोबत डबा होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही.

गोष्ट इथं थांबवा. मग वर्गाला चिठ्ठ्या द्या आणि लिहायला सांगा: तू त्या स्टेशनवर असतास तर काय केलं असतंस? खरं लिहायचं, नाव लिहायचं नाही. माझ्या वर्गात बऱ्याच जणांनी "पाणी दिलं असतं" लिहिलं, आणि एकानं लिहिलं, "मला भीती वाटली असती, बाकीचे मला ओरडले असते." ही चिठ्ठी मी वर्गात वाचून दाखवली आणि त्या दिवशीचा सगळा तास तिच्यावर गेला. पाणी द्यावंसं वाटणं आणि चार लोकांसमोर देणं यात केवढं अंतर आहे हे त्या पोरानं एका ओळीत सांगितलं होतं. असली चिठ्ठी आली तर चुकूनही तिला चूक म्हणू नका.

८. कोयत्याची पोरं

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडकडनं, मराठवाड्यातनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर माळावर कोप्या (पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या) पडतात आणि आठवड्याभरात तुमच्या वर्गाच्या दारात चार-पाच नवीन पोरं उभी राहतात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड असतं.

माझा पहिला हंगाम. थंडी होती, एका पोराच्या अंगात नुसता फाटका शर्ट. मी गावातल्या एका दात्याकडनं स्वेटर मिळवला आणि परिपाठात सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून, त्या पोराच्या अंगात घातला. फोटो काढला. ग्रुपवर टाकला, चांगले तीस-चाळीस अंगठे आले. दुसऱ्या दिवशी पोरगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी कोपीवर गेले तर त्याची आई वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत होती. ती चिडली नाही, खाली बघूनच म्हणाली, "मॅडम, त्याला पोरं भिकारी म्हन्तेत." स्वेटर कोपीच्या कुडाला घडी करून अडकवला होता.

तेव्हापासून माझे नियम असे आहेत:

द्यायचं ते गुपचूप, किंवा सगळ्यांना. थंडीत शाळेतल्या एका पेटीत जुने स्वेटर ठेवलेत, ज्याला गार वाटंल त्यानं घ्यायचा, जाताना परत ठेवायचा. गावातली पोरंसुद्धा घेतात. मीसुद्धा एकदा घेतला, मुद्दाम.

कडेवरचं भावंड येऊ द्या. ते परत पाठवलं की मोठंही परत जातं. मागं एक सतरंजी टाका. तपासणीला कुणी विचारलं तर सांगा की पोरगी शाळेत आहे ते याच्यामुळंच.

"वास येतोय" हे कुणीतरी म्हणणारच. कोपीवर पाणी लांबनं आणावं लागतं, आईबाप पहाटे तीन-चारला फडात जातात, पोरांना अंघोळ कोण घालणार. फक्त त्यांनाच हात-तोंड धुवायला पाठवू नका. आमच्याकडं साबण आणि बादली दारात असते, सकाळी आलं की सगळ्यांनी धुवायचं, मी पण.

भाषा. पहिल्या दिवशी एक पोरगी म्हणाली "ही मपली पाटी हाय" आणि वर्ग खदाखदा हसला. मी फळ्यावर दोन रकाने आखले, एका बाजूला मपलं, तुपलं, दुसऱ्या बाजूला माजं, तुजं. मग म्हटलं, पुस्तकात यातलं काय आहे? दोन्हीही नाही, पुस्तकात माझं-तुझं आहे. म्हणजे आपण दोघंही पुस्तकाच्या बाहेरचेच की! तिथनं त्या वर्षी शब्दांची वही सुरू झाली, नवीन पोरांनी एक शब्द द्यायचा, गावातल्यांनी एक. मार्चपर्यंत आमची पोरं मैदानावर "मपला चेंडू" म्हणून ओरडायची, आणि ती चेष्टा नव्हती, त्यांच्या तोंडात बसलाच होता तो शब्द.

जोडी लावताना हुशार पोर आणि नवीन पोर अशी लावू नका, ती शिकवणी होते, दोस्ती होत नाही. असं काम द्या ज्यात नवीन पोराला जास्त कळतं. मोळ्या किती, गाडीत किती टन, टायरगाडीचे बैल कसे जुपायचे, कोपी कशी बांधतात. एकदा शनिवारच्या तासाला त्यांनी मैदानात पाचटाची छोटी कोपी बांधून दाखवली, आमची बागायतदारांची पोरं मागं-मागं फिरून पाचट आणून देत होती. हे ठरवून केलं नव्हतं, पाचट शाळेमागच्या फडात पडलंच होतं.

कागदांचं मात्र पहिल्याच आठवड्यात बघा. हमी कार्ड नसलं म्हणून पोराला दारातनं परत पाठवायचं नाही, आधी बसवून घ्यायचं, मग मूळ शाळेला फोन. तिथल्या गुरुजींशी पोराला फोनवर दोन मिनिटं बोलू द्या, चेहरा फुलतो.

९. जानेवारी

3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, बालिका दिन. सातारा जिल्ह्यातलं नायगाव हे त्यांचं जन्मगाव, इकडनं एका दिवसाच्या सहलीत जाऊन येता येतं. पोरींना नऊवारी नेसवून फोटो काढणं चालतं, पण तेवढ्यावर थांबू नका. पोरांना शेणगोळ्यांची गोष्ट माहीत असते, 1897 ची कमी जणांना माहीत असते: पुण्यात प्लेग होता आणि सावित्रीबाईंनी एका आजारी पोराला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. चौथीचा वर्ग ही गोष्ट ऐकून गप्प होतो. गप्प राहू द्या, लगेच प्रश्न विचारू नका.

१०. बक्षीस नको

मी एक वर्ष "महिन्याचा दयाळू विद्यार्थी" काढला होता. पोरं एकमेकांची दप्तरं ओढून घ्यायला लागली, उचलून द्यायची म्हणून. एकानं तर दुसऱ्याला मुद्दाम पाडलं आणि हात देऊन उठवला आणि माझ्याकडं बघितलं. बंद केलं. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी असतात तिथं लिहा, पण "प्रेमळ आहे, मिळून मिसळून वागतो" असलं छापील नको. "नवीन आलेल्या मुलीला शब्द समजावून सांगत होता" असं काय बघितलं ते लिहा. वही इथं कामाला येते.

११. पालक

"त्यानं मारलं तर तूबी मार, मार खाऊन घरी येऊ नगंस" हे निम्म्या घरांत सांगितलं जातं. माता-पालकांच्या बैठकीत याच्यावर भाषण दिलंत तर पुढच्या बैठकीला चारच बाया येतील. मी खडूचा खेळ त्यांच्याकडनंच करून घेते, सासू-सून किंवा जावा-जावांचं काल्पनिक भांडण घेऊन. हसून हसून पुरेवाट होते. एकदा दोघी सख्ख्या जावाच निघाल्या आणि भांडण काल्पनिक राहिलं नाही, तेवढं बघून निवडा.

१२. कुठं थांबायचं

एकाच पोराला रोज टोळक्यानं त्रास देणं, पैसे काढून घेणं, अंगावर वळ दिसणं, पोर अचानक गप्प होणं, एखाद्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं की आकसणं. हे खडूनं सुटत नाही आणि सोडवायचा प्रयत्नही करू नका. पोराला "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याऐवजी "तुला मदत करणाऱ्यांनाच सांगेन" म्हणा. तारीख घालून, पोराच्याच शब्दांत वहीत लिहा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे, तो नंबर भिंतीवर पोरांच्या उंचीला लिहा, आपल्या उंचीला नाही. लैंगिक छळाचा नुसता संशय असला तरी पोक्सो कायदा 2012 प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "गावातलं प्रकरण आहे, मिटवून टाकू" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

१३. पट्टा पडला की

फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळ्या एका रात्रीत निघतात. सकाळी हजेरीला पाच नावांपुढं कुणीच नसतं. म्हणून फेब्रुवारी लागला की मुकादमाला फोन करून तारखेचा अंदाज घ्या आणि हमी कार्डावर इथल्या हजेरीची, अभ्यासाची नोंद करून ते पोराच्या दप्तरातच ठेवा, नंतर देऊ म्हटलं की राहतं. आम्ही शेवटच्या शनिवारी शब्दांच्या वहीची दोन-दोन पानं पोरांकडनं उतरवून घेतो, निम्मी इथं राहतात, निम्मी तिकडं जातात.

गेल्या वर्षी एप्रिलात मूळ शाळेतल्या गुरुजींचा फोन आला, म्हणाले, तुमच्याकडनं आलेलं पोरगं हजेरीला हजर म्हणायच्या ऐवजी "ढग" म्हणतंय, हे काय प्रकरण आहे? मी त्यांना वरचा दुसरा मुद्दा, हजेरीचा, सांगितला.

आणि ती दोनशे पानी वही, तुमची बदली झाली तर घरी नेऊ नका. पोरांच्या घरच्या खाजगी गोष्टींची आणि वरच्या बाराव्या मुद्द्यातल्या प्रकरणांची पानं काढून मुख्याध्यापकांकडं बंद पाकिटात द्या, बाकीची तुमच्या जागी येणाऱ्या बाई-गुरुजींसाठी कपाटात ठेवा, वरती चिठ्ठी लावून. मी जावळीतनं निघताना ठेवली नव्हती.